संगणकाचा मार्ग कोठे तुटला?



शाळेतील संगणकावर संकेतस्थळ उघडेना, म्हणजे ‘यंत्र बिघडले’ असा निर्णय आपण घाईने देतो. पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. त्याचा संदेश मात्र चुकीच्या वाटेने जात असतो.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपले आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि पुढे त्यास नहरीने पाणी पुरविले. त्या भूमिगत वाटेवर तपासणीसाठी ठिकठिकाणी विवरे ठेविलेली आहेत. हौदात पाणी न आल्यास सारी नहर खणावयाची नसते. एकेका विवरात डोकावून पाणी कोठवर पोहोचले ते पाहावयाचे असते. संगणकाचा मार्गही असाच टप्प्याटप्प्याने तपासावा.

विंडोज प्रणालीत ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडावा. पुढील आज्ञा व अंक रोमन लिपीतच टंकित करावेत.

पहिला टप्पा : ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने आरंभ होत असल्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही व यंत्राने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी तार व राउटर तपासावेत.

दुसरा टप्पा : तेथेच ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो, तो आपल्या शाळेचा दरवाजा होय. ‘पिंग’ लिहून त्यापुढे तो पत्ता द्यावा. ही आज्ञा माईक म्यूस यांनी १९८३ मध्ये रचली. उत्तर आल्यास दरवाजापर्यंतची वाट ठीक आहे.

तिसरा टप्पा : ‘पिंग ८.८.८.८’ करावे. उत्तर आले, तरीही नावाने संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष बहुधा मार्गाचा नसून नावावरून पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेचा असतो. उत्तर न आल्यास दोष दरवाजापलीकडे असू शकतो. तथापि काही यंत्रे पिंगला उत्तरच देत नाहीत. म्हणून दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरही पडताळा घ्यावा.

चौथा टप्पा : ‘राउट प्रिंट’ या आज्ञेने मार्गकोष्टक दिसते. त्यात ०.०.०.० ही ओळ बाहेरच्या जगाची वाट दाखविते. अशा दोन ओळी असल्यास ज्या ओळीचा ‘मेट्रिक’ अंक लहान, त्या वाटेस संगणक अग्रक्रम देतो.

एका शाळेतील अनुभव सांगतो. विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचा अखेरचा दिवस होता. तारेच्या जोडणीची मुदत संपली होती, म्हणून गुरुजींनी आपल्या मोबाईलची जोडणी दिली. तरीही पृष्ठ उघडेना. संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने घालण्यासाठी संगणक तालुक्यास न्यावयाचे ठरले होते. मुलांच्या नोंदींची दुसरी प्रत कोठेही नव्हती. मार्गकोष्टक पाहता बाहेरच्या दोन वाटा आढळल्या, आणि लहान अंक बंद पडलेल्या तारेचा होता. तार काढताच मोबाईलची वाट खुली झाली. काम त्याच सायंकाळी पूर्ण झाले आणि नोंदीही वाचल्या.

गणित चुकले म्हणून आपण मुलाची पाटी फोडीत नाही. कोणत्या पायरीवर चुकले ते शोधतो. येथेही तेच करावे. एका वेळी एकच बदल करावा, बदलापूर्वीचे अंक वहीत टिपून ठेवावेत, आणि दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविल्यास ती वही प्रथम त्याच्यापुढे ठेवावी.