भार वाटून धावणारी भुयारी गाडी

पेढीचा व्याप वाढू लागला की प्रत्येक व्यापारी घराण्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. सारा भार एकाच कर्त्या पुरुषाने वाहायचा, की तो सर्वांनी वाटून घ्यायचा? सव्वाशे वर्षांपूर्वी विजेवर चालणाऱ्या भुयारी रेल्वेपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याचे जे उत्तर तेव्हा मिळाले, त्यावरच आजच्या मेट्रोगाड्या धावत आहेत.

लंडनमध्ये १८६३ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, ती वाफेच्या इंजिनावर. धूर बाहेर जावा म्हणून तिचे मार्ग जमिनीपासून फार खोल नेता येत नसत. १८९० साली त्याच शहरात विजेवर चालणारी पहिली खोल भुयारी रेल्वे धावू लागली आणि धुराचा प्रश्न मिटला. तथापि रचना जुनीच राहिली : पुढे एक इंजिन आणि मागे त्याने ओढायचे डबे. फरक इतकाच, की इंजिन आता विजेचे होते.

१९०० साली शेफर्ड्‌स बुश ते बँक हा ‘सेंट्रल लंडन’ मार्ग खुला झाला. कुठेही जा, भाडे दोन पेन्स. साहजिकच गर्दी लोटली. परंतु थोड्याच दिवसांत रस्त्यालगतच्या घरांतून आणि कचेऱ्यांतून तक्रारी येऊ लागल्या. खालून गाडी गेली की इमारती थरथरत. नकाशे काढणाऱ्या आरेखकांना कागदावर सरळ रेघ ओढता येईना! अखेर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. प्रख्यात भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली तिचे अध्यक्ष होते.

दोष विजेचा नव्हता, वजनाचा होता. प्रत्येक इंजिन सुमारे ४४ टनांचे होते आणि त्या वजनाचा मोठा भाग स्प्रिंगांवर न तोलता थेट चाकांवर पडत असे. एकट्याने सारी गाडी ओढायची, म्हणून इंजिन जड; आणि ते जड, म्हणून रुळांना हादरे.

यावरचा उपाय अमेरिकेत आधीच तयार होता. फ्रँक स्प्रेग हे अभियंते पूर्वी विजेच्या उद्‌वाहनांचा, म्हणजे लिफ्टचा, व्यवसाय करीत. अनेक उद्‌वाहने एकाच ठिकाणाहून चालवता येतात, तर अनेक डबे का चालवता येऊ नयेत, असा विचार त्यांनी केला. स्वतंत्र इंजिन काढून टाकावे, निरनिराळ्या डब्यांखाली लहान मोटारी बसवाव्यात आणि चालकाचा आदेश एका बारीक तारेतून त्या सर्वांना एकाच वेळी पोहोचवावा, अशी त्यांची योजना होती. १८९७ साली त्यांनी तिचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा नियंत्रणाची मूठ त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती होती. पुढे शिकागोच्या उन्नत रेल्वेने ही पद्धत स्वीकारली.

लंडननेही तिची परीक्षा घेतली. हादरे पुष्कळच कमी झाले आणि १९०३ साली त्या मार्गावरील जड इंजिने प्रवासी गाड्यांतून निवृत्त झाली. लाभ एवढाच नव्हता. दोन्ही टोकांना चालकाची जागा असल्याने शेवटच्या स्थानकावर इंजिन बदलण्याचा वेळ वाचला. डबे वाढवले की मोटारीही वाढवता येऊ लागल्या, त्यामुळे गाडी लांबली तरी वेग घेण्यात मंदावत नसे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी धावली, ती याच पद्धतीची. मुंबईची लोकल पुढे तिच्यातूनच वाढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण खुली झालेली ‘मेट्रो ३’ ही तिची भूमिगत वारसदार. सुमारे ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर गिरगाव आणि काळबादेवी या आपल्या जुन्या बाजारपेठांचीही स्थानके आहेत. तिथे येणाऱ्या आठ डब्यांच्या गाडीला पुढे इंजिन दिसत नाही, कारण तिचे बळ अनेक डब्यांखाली विभागलेले आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नुसत्या मोटारी वाटल्याने गाडी चालत नाही. प्रत्येक मोटार स्वतःच्या मर्जीने फिरली तर डबे एकमेकांना ओढाताण करतील. भार अनेकांचा, पण आदेश एक, अशी ही व्यवस्था आहे. पुढच्या पिढीच्या हाती पेढीच्या किल्ल्या देताना दोन्ही गोष्टींचा विचार व्हावा : कर्त्याच्या खांद्यावरचे ओझे वेळीच उतरावे, आणि ते उतरल्यावरही घराची दिशा एकच राहावी.