छप्पर वजनाने बसते, पण वाऱ्याने उठते

मी शेतीखात्यातला माणूस, सुतार नव्हे. तरीही आज भात-आंबा बाजूला ठेवून कौलारू छपराबद्दल लिहितो आहे. कारण पावसाळा तोंडावर आला की आपण कौलं चाळतो, फुटकी बदलतो, पण वासे कशाने धरलेत हे कोणी वर चढून बघत नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी 100 ते 110 किलोमीटरचा वारा, झोत 120 पर्यंत. त्यानंतर बागांच्या पंचनाम्यासाठी गावोगाव फिरताना एका वाडीत गोठ्याचे अख्खे पाखे शेजारच्या बागेत उलटे पडलेले बघितले. गुरे आदल्या रात्रीच घरालगतच्या पडवीत आणून बांधली होती म्हणून वाचली. गंमत म्हणजे वासे धड होते, रिपाही बऱ्याचशा जागेवर. गावातला म्हातारा सुतार सोबत होता. वाशाच्या बुडातून बाहेर आलेला चार इंची खिळा दाखवून म्हणाला, "साहेब, लाकूड मोडलं नाही बघा, नुसतं सुटलं."

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. मंगलोरी कौल एकेक दोन-अडीच किलोचं. एवढं वजन वर असताना छप्पर कुठे जाणार, असं आपल्याला वाटतं. पण उतरत्या छपरावरून जोराचा वारा जातो तेव्हा आढ्याजवळ आणि पलीकडच्या पाख्यावर तो वरच्या बाजूला ओढ लावतो. त्यात गोठा एका बाजूने उघडा, म्हणजे आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडावर वरून खिळा ठोकून बसवलेला असतो. वारा उचलतो तोही वरच, म्हणजे खिळा जसा आत गेला तसाच सरळ बाहेर येतो. खिळ्याची खरी ताकद आडव्या ओढीला. सरळ उपसायला तो फार वेळ घेत नाही. लाकडाच्या तोंडात, म्हणजे रेषांच्या दिशेने ठोकलेला खिळा तर आणखीच लवकर सुटतो.

मग उपाय काय? वाशावरून जस्ती पट्टी घ्या, दोन्ही बाजूंनी खाली आणा आणि खालच्या लाकडाच्या कुशीत खिळे मारा. आता वारा उचलू लागला की ते खिळे उपसले जाण्याऐवजी आडवे ओढले जातात. पट्टी महाग पडत असेल तर निदान दोन खिळे दोन बाजूंनी तिरके मारा, पण ते पट्टीची बरोबरी करणार नाहीत. आणि खालचं लाकूड चिऱ्याच्या भिंतीत गाडलेल्या बोल्टने धरलेलं असावं, नाहीतर त्याच्यासकट छप्पर जाईल! बोल्ट वरच्या एकाच थरात नको, तीन-चार थर खाली उतरू द्या.

कैचीच्या सांध्यांना बोल्टच बरा. अर्ध्या इंची बोल्ट असेल तर लाकडाच्या टोकापासून साडेतीन इंच आत भोक पाडा, नाहीतर टोक चिरतं. दोन्हीकडे रुंद वायसर हवेच. वायसरशिवाय नट लाकडात रुततो आणि सांधा ढिला पडतो. खिळ्यासाठीसुद्धा आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे. "वेळ जातो" म्हणून सुतार टाळतात, तुम्ही उभे राहून करून घ्या. वाशाला खाच पाडायची तर उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा खोल नको.

जुन्या घरांत हे खिळे-बोल्ट नव्हते. तिथे कुसू, खाच आणि खुंटी. म्हाताऱ्याने मला एक युक्ती दाखवली. खांबातलं भोक आणि कुसवातलं भोक एका रेषेत ठेवत नाहीत. कुसवातलं अर्धं-एक सूत आत, खांद्याकडे सरकवतात. निमुळती खुंटी ठोकली की तीच सांधा ओढून घट्ट बसवते. खुंटी मात्र वाळलेली आणि कठीण लाकडाची हवी, ओली असेल तर सुकल्यावर सैल होते. जुनी घरं पडलीच नाहीत असं नाही. झाड अंगावर आल्यावर कोणता सांधा टिकणार? पण खुंटीला गंज नाही हे खरे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत साधा खिळा लवकर खातो, आणि ऐनासारख्या लाकडात ओल असेल तर लोखंडाभोवती काळा डाग पडून आणखी लवकर. म्हणून जस्ती माल घ्यावा.

सर्वांत दुर्लक्षित भाग पागोळीचा. वारा आधी तिथेच हात घालतो. शेवटच्या दोन ओळींतली कौलं आणि कोपऱ्याची कौलं रिपेला तारेने बांधा, त्यासाठी कौलाच्या मागच्या कानाला भोक असतंच.

ओलं लाकूड वापरलं असेल तर वर्षभरात ते आकसतं आणि आज आवळलेला नट पुढच्या शिमग्याला हाताने फिरतो. त्या वाडीतल्या शेतकऱ्याने गोठा पुन्हा उभारला तेव्हा पाना आढ्याच्या खांबालाच टांगून ठेवला. शिमगा झाला की मुलगा वर चढतो आणि एकेक नट आवळून खाली येतो.