एक मानपाडा ठाण्यात, दुसरं डोंबिवलीत

पायथनमध्ये पत्त्यांची सीएसव्ही फाइल वाचताय? मग आमचं मानपाडा चाचणीला घ्या. एक घोडबंदर रोडवर, दुसरं डोंबिवली पूर्वेला. नाव तेच, पिनकोड मात्र ४०० ने सुरू होणारा की ४२१ ने, यावरून उलगडा होतो. म्हणून नावावरून नोंदी जुळवू नका.

खरी गंमत एसटीडी कोडची. ठाण्याचा ०२२, डोंबिवलीचा ०२५१. पांडाज लायब्ररी या रकान्याला आकडा समजते आणि पुढचं शून्य गिळून २२ आणि २५१ हातात देते, तेही बिनबोभाट! वाचतानाच 'डीटाइप'मध्ये रकाना स्ट्रिंग आहे असं सांगायचं. फोन, पिनकोड यांची बेरीज कोण करतंय?

आता मराठी अक्षरं. 'मानपाडा' पायथनला ७ लांबीचं दिसतं (काना वेगळा मोजला जातो), पण यूटीएफ-८ मध्ये ते २१ बाइट्स घेतं. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहा. आणि ती सीएसव्ही ऑफिसात कुणी एक्सेलमध्ये उघडणार असेल, तर 'यूटीएफ-८-सिग' वापरून सेव्ह करा, नाहीतर मानपाड्याच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील.

तुमच्या गावाच्या नावाची लांबी किती येते? कमेंटमध्ये टाका.