हिरवळीची गवते : शीतसहिष्णुतेसाठी जननिक अभियांत्रिकी

हिरवळीसाठी लावण्यात येणाऱ्या गवतांच्या जनुकसंचात फेरबदल करून त्यांची थंडी सहन करण्याची क्षमता वाढविण्याचे तंत्र. उष्ण प्रदेशांतील हिरवळीसाठी हरळी (दूर्वा, सायनोडॉन डॅक्टिलॉन) हे एक प्रमुख गवत आहे. जमिनीचे तापमान सु. १०° से. पर्यंत उतरले की हरळीची वाढ थांबते आणि पाने तपकिरी होऊन ती सुप्तावस्थेत जाते. त्याहून कडक थंडीत ऊतकांमध्ये कोशिकांबाहेर बर्फ जमते. ते कोशिकांतील पाणी ओढून घेते, कोशिकापटलांना इजा होते व अखेर मूलक्षोडही (जमिनीतील आडवी खोडे) मरतात.

मोहरीच्या कुलातील अरॅबिडॉप्सिस या लहान वनस्पतीत, थंडीची चाहूल लागताच अनेक संरक्षक जनुकांना चालना देणारी सीबीएफ जनुके आढळली. त्यांपैकी एक जनुक सतत कार्यरत ठेवल्यास ही वनस्पती थंडीची पूर्वसवय नसतानाही गोठण अधिक सहन करते, असे १९९८ मध्ये दिसून आले. अशी जनुके ॲग्रोबॅक्टिरियम या सूक्ष्मजंतूच्या साहाय्याने अथवा सूक्ष्मकणांच्या माऱ्याने गवताच्या कोशिकांत घालतात व ऊतकसंवर्धनाने त्यांपासून संपूर्ण रोप वाढवितात. बहिया व राय या गवतांत या गटातील जनुके घालण्याचे प्रयोग झाले आहेत. जनुक सतत कार्यरत राहिल्यास रोप खुजे राहते. म्हणून ते ताण पडल्यावरच कार्यरत होईल अशी योजना करतात. हिरवळीत मात्र थोडा खुजेपणा उपकारकच असतो, कारण कापणीचे काम कमी होते.

अशा गवताचा प्रसार आवरणे हा यातील कठीण भाग होय. बेंटगवत या हिरवळीच्या गवतात अमेरिकेत शीतसहिष्णुतेचे नव्हे, तर तणनाशकरोधाचे जनुक घातले होते. ऑरेगन राज्यातील प्रक्षेत्रापासून त्याचे परागकण सु. २१ किमी. पर्यंत पोहोचल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हे गवत पाटबंधाऱ्यांच्या कालव्यांकाठी रुजलेले आढळले. यावर वंध्य वाणांचा उपाय सुचविला जातो. टिफ्टन (जॉर्जिया) येथून १९६० मध्ये प्रसारित झालेला ‘टिफवे’ हा हरळीचा संकरित वाण त्रिगुणित असून त्याची गुणसूत्रे २७ असतात; त्याला बी धरत नाही व लागवड तुकड्यांनीच होते. परंतु वंध्यत्वाने केवळ बीजाचा प्रसार थांबतो, खोडांच्या तुकड्यांचा नव्हे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रवरा व मुळा यांच्या कालव्यांखालील काळ्या जमिनींत हरळी हे चिवट तण आहे. नांगराने तुटलेला तिचा प्रत्येक पेरयुक्त तुकडा नव्याने फुटू शकतो; म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या वेचतात व उन्हात वाळू देतात. हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे तिची वाढ मंदावते आणि रब्बी पिकांशी होणारी स्पर्धा काहीशी कमी होते. शीतसहिष्णू हरळी शेतात शिरल्यास ही सवलत संपेल. जिल्ह्यातील राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) ‘फुले जयवंत’ हा संकरित नेपियर गवताचा वाण चाऱ्यासाठी दिला आहे. बाजरी व नेपियर यांच्या संकरातील असे वाण वंध्य असल्याने ठोंबांनी लावतात. नेपियर उंच ठोंबे करून वाढते, ते उपटणे सोपे. हरळी जमिनीखालून पसरते. म्हणून उद्यानात गुण ठरणारी शीतसहिष्णुता शेतात दोष ठरू शकते, हे ध्यानात घेऊनच अशा गवताची परीक्षा व्हावयास हवी.