झुंबर लावण्याआधी छताला विचारा

आजचा विषय घरगुती आहे. जिन्यावर झुंबर कसं निवडायचं आणि कसं टांगायचं? फौजी माणसाला झुंबराचं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, मलाही आधी कळत नव्हतं. चूक केली, तेव्हा कळलं.

निवृत्तीनंतर आम्ही इंदूरजवळ महूला दुमजली घर बांधलं. सौभाग्यवतींच्या मनात ग्वाल्हेरचं झुंबर बसलेलं होतं. जयाजीराव शिंद्यांनी 1874 साली बांधलेल्या जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरं आहेत. एकेकाचं वजन सुमारे साडेतीन टन. तिथल्या एका जिन्याच्या कठड्याचे खांबसुद्धा काचेचे आहेत. ते पाहून आल्यापासून आमच्याकडे एकच धोशा होता, आपल्या जिन्यावर निदान छोटं तरी हवं.

मग 22 किलोचं झुंबर आणलं. दुकानाच्या माणसांनी तासाभरात टांगलं आणि बटण दाबून दाखवलं. आम्ही खूश.

तीन आठवड्यांनी आमची नात जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, झुंबराच्या बरोबर खाली, चटई टाकून चित्र काढत बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, वरून पीठ पडतंय." वर पाहिलं तर छताला चिकटलेली झुंबराची वाटी दोन बोटं खाली आली होती. पीठ म्हणजे पीओपीचा भुगा. पोरीला उचललं, मेन स्विच बंद केला आणि जिन्याखालची जागा दोरी लावून अडवली. वर चढून पाहिल्यावर कळलं, स्क्रू फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या पट्टीत मारले होते. स्लॅबपर्यंत एकही पोचला नव्हता.

दुकानदाराला दोष देऊन मोकळा होऊ शकलो असतो. पण नोकरीत मी तंबूची खुंटी स्वतः हलवून पाहिल्याशिवाय कधी झोपलो नाही, आणि स्वतःच्या घरात हूक कशात अडकलाय हे विचारलंसुद्धा नाही. म्हणून पहिली गोष्ट आधाराची.

फॉल्स सीलिंग ही नुसती शोभा आहे, ती वजन पेलत नाही. झुंबर टांगायचं ते आरसीसी स्लॅबला किंवा तुळईला. घर बांधताय? मग स्लॅब ओतण्याआधीच गजांना अडकवून हूक सोडून घ्या. त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही. घर तयार असेल, तर फॉल्स सीलिंग तेवढं कापून स्लॅब उघडा करायचा आणि जाड लोखंडी पट्टी चार अँकर फास्टनरनी बसवायची. भोकं पाडल्यावर आतली धूळ फुंकून काढायला सांगा. भुसा राहिला तर फास्टनरची पकड बसत नाही. स्लॅबमधून विजेचे पाइप कुठून गेलेत, हेही आधी पाहून घ्या.

आता परीक्षा. ग्वाल्हेरला झुंबरं टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून ते पेलतं का पाहिलं, असं सांगतात. आपल्याकडे हत्ती नाही, पण सिमेंटची 50 किलोची पोती आहेत. मी झुंबराच्या चौपट वजनाचा हिशेब धरला. 22 चोक 88, म्हणून दोन पोती. लांब दोरानं ती अशी टांगली, की जमिनीपासून वीतभरच वर राहतील. हूक निसटलाच तर पोती वीतभरच पडतील. जिना बंद ठेवला. एक दिवस, एक रात्र. सकाळी पट्टी, फास्टनर, आजूबाजूचं प्लास्टर, सगळं जागच्या जागी होतं. मगच झुंबर वर गेलं. शिवाय एक वेगळी पोलादी तार दुसऱ्या हुकाला बांधली. साखळी तुटली तर ती तार झेलेल.

दुसरी गोष्ट मापाची. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करायची, तेवढ्या इंचांचा व्यास, असा ढोबळ नियम दुकानात सांगतात. तो दिवाणखान्याला ठीक आहे. जिन्यात मात्र मधली मोकळी जागा मोजा. आमची 6 फूट बाय 5 फूट आहे आणि झुंबर 30 इंचांचं. म्हणजे अरुंद बाजूलाही कठड्यापासून सव्वा फूट अंतर सुटतं. खाली माणसं वावरत असतील, तर झुंबराचं टोक जमिनीपासून निदान 7 फूट वर हवं. आधी पुठ्ठ्याचं तेवढंच खोकं दोरीनं लटकवा आणि वर-खाली चार वेळा जाऊन पाहा. फौजेत याला रेकी म्हणतात.

तिसरी गोष्ट उजेडाची. जिन्यात माणूस झुंबराकडे वरूनही पाहतो. वरच्या मजल्यावरून उतरताना उघडे दिवे थेट डोळ्यांत येतात आणि पायरी दिसत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर हा थाट महागात पडेल. दुधी काचेचे एलईडी घ्या, 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे उजेड पिवळसर, निवांत पडतो. टू-वे स्विच वर आणि खाली दोन्हीकडे हवा. झुंबराचं अंग धातूचं, म्हणून अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे. आणि विजेची वायर साखळीपेक्षा सैल ठेवा. वजन साखळीनं घ्यायचं, वायरनं नाही.

शेवटची गोष्ट कोणी विचारतच नाही. पुसणार कसं? जुन्या वाड्यांत हंड्या-झुंबरं कप्पीवरून दोरानं खाली घेत, पुसत, दिवे लावत आणि पुन्हा वर ओढत. आता त्यासाठी मोटर मिळते. ती घ्यायची तर तिचं वजनही हिशेबात धरा. नाहीतर दरवेळी परांची बांधावी लागते. जिन्याच्या पायऱ्यांवर शिडी टेकवून कोणालाही चढवू नका, कामाच्या माणसालाही नाही.

दुकानात गेल्यावर काच बेल्जियमची की फिरोजाबादची, हे विचारायला हरकत नाही. पण पहिला प्रश्न वजन किती, हा असू द्या. आणि टांगायला माणसं आली, की परांचीवर चढून हूक कशात बसलाय ते स्वतः पाहा. गुडघे साथ देत नसतील, तर मोबाइलवर फोटो काढून मागा.

आमची नात आजही त्याच जागी चटई टाकते. मी मात्र दर दिवाळीला झाडझूड करताना वर जाऊन एकेक नट पान्यानं तपासतो. मंडळी, तुम्हीही आज घरी छताकडे एकदा नजर टाका. जय हिंद.