विडीनंतर काय? वयाचा हिशेब आधी मांडू या

गोंदिया जिल्ह्यात तेंदूपाने, विडी आणि भातगिरण्या यांवर कित्येक घरांची चूल पेटत आली. त्यात विडी वळणे हे मुख्यतः बायकांचे काम. घरबसल्या होते, मुले सांभाळता येतात, पडदाही राहतो. म्हणून कोणी त्याला नावे ठेवली नाहीत. आम्हीही ठेवत नाही. पान भिजवायचे, फर्म्याच्या मापाने कापायचे, जर्दा भरायचा, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे.

अडचण या हजारातच आहे. आम्हा शिक्षकांचा पगार वर्षागणिक वाढतो. विडीवाल्या खालांची बोटे मात्र पंचेचाळिशीत मंदावतात, नजर कमी होते, आणि त्याच दिवसात हजाराऐवजी सहाशे-सातशेच होतात. शिवाय धंदाही पूर्वीचा राहिला नाही. 2017 साली विडीवर 28 टक्के जीएसटी लागला. तरीही दुसऱ्या कामाचा विचार घरात निघतो तो बोटे थकल्यावर.

तोवर काही दारे बंद झालेली असतात. अंगणवाडी मदतनीसाचेच बघा. आता बारावी पास लागते आणि वय 35 पर्यंत, विधवा भगिनींना 40. आठवीत शाळा सुटलेल्या मुलीने अठ्ठाविसाव्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, तर पुढे बारावीला निदान दोन वर्षे धरा. म्हणजे तिशी उलटते. पस्तिशीत जागी झालेल्या बहिणीला हा रस्ता उरत नाही. (दहावीचे पेपर उर्दू माध्यमातूनही देता येतात, हे अनेकांना ठाऊक नसते.) आयटीआयला मात्र वयाची वरची अट नाही. शिवणकाम येत असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत दर्जीचाही समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये मिळतात. पण घरातून एकालाच लाभ, तेव्हा कोणी अर्ज करायचा हे नवरा-बायकोने बसून ठरवावे. आमच्या मते ज्याच्या हातात कला आहे त्याने, कमावता कोण म्हणवतो त्याने नव्हे.

काम सोडताना आणखी एक गोष्ट. विडी कामगारांनाही पीएफ लागू आहे. पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा भरावी लागते आणि पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते. मुलीच्या निकाहासाठी आठव्या-नवव्या वर्षी सगळी रक्कम काढून घेतलेली घरे आम्ही पाहिली आहेत. आणखी वर्ष-दीड वर्ष थांबले असते, तर म्हातारपणी दरमहा चार पैसे स्वतःच्या नावावर आले असते. तेव्हा सट्टेदाराकडे पीएफ नंबर आजच मागा, आणि खाते आहे की नुसती वहीतली नोंद आहे ते तपासा.

17 नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि जन्मतारखाही वेगळ्या, असे आमच्याकडे दर वर्षी निघते. ही दुरुस्ती वेळ खाते. फॉर्म सुटण्याची वाट न पाहता दाखला याच सुट्टीत काढून ठेवावा.