एन्सो : एका फटकाऱ्याचे वर्तुळ

एन्सो म्हणजे झेन परंपरेत कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्याने, फार तर दोन फटकाऱ्यांत, काढलेले शाईचे वर्तुळ. पांढरा कागद, काळी शाई, बाजूला एखादी सुलेखित ओळ आणि तांबडी मोहोर, एवढाच त्याचा ऐवज. काढलेली रेघ दुरुस्त करायची नाही, तिच्यावर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही, हा त्याचा मुख्य दंडक. त्यामुळे एन्सोला आकृतीपेक्षा कृतीची नोंद म्हणून अधिक महत्त्व आहे.

या प्रथेचे मूळ चीनमध्ये आहे. तांग काळातील गुरू नानयांग हुइझोंग (मृत्यू इ. स. ७७५) शिकवताना वर्तुळे काढत, असे परंपरा सांगते. पुढे यांगशान हुइजी (८०७-८८३) यांच्या पंथात वर्तुळचिन्हांची एक सांकेतिक भाषाच तयार झाली. बाराव्या शतकात कुओआन शियुआन यांनी साधनेचे टप्पे बैल आणि गुराख्याच्या दहा चित्रांतून मांडले. त्यांतील आठव्या चित्रात बैल नाही आणि गुराखीही नाही. आहे ते फक्त रिकामे वर्तुळ.

जपानमध्ये एदो काळात एन्सोला बहर आला. हाकुइन एकाकु (१६८६-१७६९) यांचे शिष्य तोरेई एन्जी (१७२१-१७९२) यांची जाड, जोरकस वर्तुळे विशेष नावाजली गेली. हाकाता येथील शोफुकुजी मठाचे सेनगाई गिबोन (१७५०-१८३७) यांचा स्वभाव मिश्कील. त्यांनी एका एन्सोशेजारी, हे खा आणि वर चहा घ्या, अशा अर्थाचा मजकूर लिहिला आहे. पाहणाऱ्याने वर्तुळाला पवित्र चिन्ह मानून हात जोडू नयेत, हा त्यामागचा रोख.

एन्सोची तयारी शाईपासून सुरू होते. पाइनच्या लाकडाची किंवा वनस्पती तेलाच्या दिव्याची काजळी प्राण्यांपासून केलेल्या सरसात मळून ‘सुमी’ शाईच्या वड्या बनवतात. नारा शहर यासाठी प्रसिद्ध असून तेथील कोबाइएन ही पेढी १५७७पासून चालू आहे. उन्हाळ्यात सरस नासतो, म्हणून हे काम थंडीत चालते. सहाणेवर चंदन उगाळावे तशी ही वडी ‘सुझुरी’ नावाच्या दगडावर थोड्या पाण्यात सावकाश उगाळतात. शाई दाट होईपर्यंत हात एका लयीत फिरत राहतो आणि श्वासही संथ होत जातो. साधनेचा पहिला भाग इथेच होऊन जातो.

कागदाखाली लोकरी नमद्याचे कापड अंथरतात आणि वर वजन ठेवतात. कुंचला उभा धरतात. हालचाल बोटांतून किंवा मनगटातून न येता खांद्यातून आणि पोटातून यावी लागते. सुरुवात बहुधा खालून किंवा डावीकडून होते आणि हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. सगळे काही एका श्वासात, काही क्षणांत संपते.

एन्सोसाठी वापरला जाणारा कागद शाई झटकन शोषतो, म्हणून हाताची प्रत्येक चलबिचल त्यावर उमटते. कुंचला टेकतो तिथे शाईचा गडद ठिपका साचतो. हात अडखळला तर तिथे शाई फुटून कडा पसरते. या पसरण्याला ‘निजिमी’ म्हणतात. फटकारा शेवटाकडे जाताना शाई सरत येते, केस विलग होतात आणि काळ्यात पांढऱ्या रेषा दिसू लागतात, हे ‘कासुरे’. काही वर्तुळे पूर्ण मिटतात, काहींची तोंडे उघडी राहतात. मिटलेले वर्तुळ पूर्णत्वाचे मानले जाते, तर उघड्या वर्तुळात अपूर्णतेचा स्वीकार पाहिला जातो. मात्र या अर्थांविषयी एकमत नाही.

विसाव्या शतकात योकोयामा तेनकेई आणि ओमोरी सोगेन (१९०४-१९९४) यांनी सुलेखनाला झेन साधनेची रीतसर जोड देणारी ‘हित्सुझेन्दो’ ही पद्धती रुजवली. चित्रकलेत ‘गुताई’ गटाचे संस्थापक जिरो योशिहारा (१९०५-१९७२) यांनी १९६०च्या दशकात कॅनव्हासवर मोठी वर्तुळे रंगवली. ती एन्सोची आठवण करून देतात. पण त्यांतली काही एका फटकाऱ्याची नसून सावकाश रंगवून पुरी केलेली आहेत.

एन्सोची पारख करताना गोलाई पाहत नाहीत. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग जिवंत आहे का, की मध्येच हात विचारात पडला, हे पाहिले जाते. शाईत उतरलेल्या या जोमाला ‘बोक्की’ असे नाव आहे. सुबक दिसावे म्हणून जपून काढलेली रेघ या कसोटीवर फिकी पडते आणि वाकडीतिकडी पण निःशंक रेघ सरस ठरते.